सशिणीची कानझाकणी

कधीकाळी एका उजाड माळावर एक सशीण राहायची. नवरा गेलेला, पदरी एकुलती लेक. पान हललं तरी ती दचकून उठायची, डोळ्याला डोळा लागायचा नाही.

शेवटी ती सुगरण पक्षिणीकडे गेली. "बाई, माझे कान झाकतील असं काही विणून दे."

सुगरणीने दोन जोड पुढे ठेवले. एक जाळीचा, दुसरा कापूस भरून गच्च बंद. "जाळीचा घे गं, लेकुरवाळी तू."

"त्यातून कोल्हा ऐकू येतो. बंदच दे."

घरी येऊन तिने तो कानांवर चढवला आणि डोळे मिटले. बंद जोड फार मऊ होता. आत फक्त स्वतःच्या काळजाचा गोड ठेका. सशिणीला आधी बरं वाटलं, मग वाटलं, सगळ्या माळावर आपण एकटीच उरलोय. घाबरून डोळे उघडले तर समोर लेक. पायात काटा, तोंड उघडं, आवाजच नाही! तिने कानावरचं ओरबाडून काढलं.

"आई, मी कधीची हाका मारतेय गं!"

काटा काढून, लेकीला घेऊन सशीण परत सुगरणीकडे गेली. "याला भोक पाड."

"केवढं?"

"हिची हाक आत येईल एवढं."

"मग कोल्हाही ऐकू येईल की!"

"येऊ दे," सशीण म्हणाली. "तो आला तर मला कळायला नको?"