तिचाकीला स्टँड नाही

गाड्यांना तोंड होतं आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची, तेव्हाची गोष्ट. एका गॅरेजात नवी तिचाकी मोटारसायकल तयार झाली. पुढे दोन चाकं, मागे एक. भिंतीशी स्टँडवर कलून उभी असलेली म्हातारी फटफटी फिदीफिदी हसली. "तिसरं चाक लहान पोरांच्या सायकलीला लागतं गं!"

तिचाकीने ते गिळलं. आज नव्या गाड्या पारखणारे जयवंतराव तिला चालवून बघणार होते. त्यांनी नाक मुरडलं, तर ती सरळ भंगारात जाणार होती.

जयवंतराव निघाले खरे, पण गाडी थांबली की सवयीने पाय जमिनीला टेकवायचे. दर वेळी तिचाकीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"पाय वर घ्या," ती शेवटी गुरगुरली. "मी पडत नाही."

"सगळ्याच असं म्हणतात."

घाटाच्या उतारावर एकाएकी म्हैस आडवी आली. खाली सगळी खडी. जयवंतरावांनी करकचून ब्रेक दाबला आणि पाय बाहेर काढला.

"पाय आत!" तिचाकी कडाडली.

त्यांनी घाबरून पाय ओढून घेतला. तिचाकी खडीवरून घसरत गेली आणि म्हशीच्या शिंगांपाशी ताठ उभी राहिली. म्हैस रवंथ करत निघून गेली, तरी जयवंतराव दोन्ही पाय वर घेऊन बसूनच होते.

परतल्यावर ते गॅरेजच्या मालकाला म्हणाले, "गाडी पास! फक्त एक स्टँड लावा. लोकांना सवय असते."

"त्यापेक्षा मला भंगारात घाला," तिचाकी म्हणाली.

"एवढा ताठा?" कललेली फटफटी खेकसली. "स्टँडशिवाय कधी कोणी उभं राहिलंय का?"

"मग मी आत्ता काय करतेय?"