ठकूआत्यानं थांबवलेली जाती

“बाजेवर जीव गेला तर तो अधांतरी लटकतो. भुईवर घ्या त्याला,” सगुणाकाकी म्हणत होती, आणि सकाळपासून हेच म्हणत होती.

“तू लटकून आलीस का सगुणे?” ठकूआत्या म्हणाली. ती बाजेच्या कडेवर फतकल मारून बसली होती. ती उठल्याशिवाय बाज हलणार नव्हती, आणि ती उठणाऱ्यांतली नव्हती.

“आम्ही घरची माणसं. तू कोण गं?”

“मी बाजेवर बसलेली.”

ही फार फार वर्षांमागची गोष्ट. काळखडी गावात तेव्हा गिरणी नव्हती. घरोघर जाती होती, आणि ती घडवणारा पाथरवट एकच, येसाजी. काळा दगड त्याला आपण होऊन सांगायचा, मला इथं फोड, असं म्हणतात. मग एकदा खाणीतला धोंडा सुटला आणि येसाजीचा उजवा हात चेचला गेला. जखम भरत आली, माणूस मात्र भरेना. अन्न नको, झोप नाही, तोंड भिंतीकडे. हात नाही तो पाथरवट कसला, आणि पाथरवट नाही तो येसाजी कसला, असं त्याचं त्यानंच ठरवून टाकलं होतं.

डोळे मिटलेले होते, पण कान उघडे होते. भेटायला येणारे आता ‘होता’ म्हणू लागले होते. फार गुणी होता. हात काय होता त्याचा. उशाशी बसून लोक असं बोलू लागले की पडलेला माणूस हळूहळू त्यांचं खरं करायला लागतो.

जाणाऱ्याला बाजेवरून उतरवून सारवलेल्या भुईवर घ्यायचं, ही गावाची रीत. रीत वाईट नाही. पण जाणारा कोण आणि राहणारा कोण, एवढं तरी बघाल की नाही? सगुणाकाकी दुष्ट नव्हती. येसाजीला तिनंच लहानाचा मोठा केला होता. तिचा नवरा बाजेवर गेला, त्याची धास्ती तिच्या मनातून गेली नव्हती. म्हणून तिनं कोपऱ्यातली भुई सारवून ठेवली आणि शेजारी गोवरी धुमसत ठेवली. शेणाचा ओला वास येसाजीच्या नाकात शिरला आणि त्याला कळलं, ही आपली जागा. घाला बापडे मला भुईवर, असं त्याला वाटलं. त्याच वेळी ठकूआत्या आली, नात्याची नव्हे, साऱ्या गावाची आत्या, आणि बाजेवर बसली.

आजाऱ्याचं करायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाळंतपणानंतर ती स्वतः कितीतरी दिवस खिळून होती. कुणाच्या हातानं बरं वाटतं आणि कुणाच्या हातानं अंग चोरून घ्यावंसं वाटतं, हे ती स्वतःच्या पाठीवर शिकली. तिच्या तळहाताखाली दुखणं मांजरासारखं अंग मुडपून बसायचं, असं म्हणतात. ती मात्र तसं कधी म्हणाली नाही. “दुखणं काय मी पदरात बांधून नेणार आहे?” म्हणायची. “त्याला बसायला जागा किती द्यायची, ते आपल्या हातात.”

तर दोघींचं हातघाईवर आलं. सगुणाकाकीनं बाजेचा पाय धरला, ठकूआत्यानं सगुणाकाकीचं मनगट. आणि मग ठकूआत्या एकच वाक्य बोलली. काकीनं पाय सोडला. येसाजीनं डोळे उघडले आणि तो म्हणाला, “बाजेवरच बरंय. तो गोवरीचा धूर तेवढा बाहेर न्या.”

मग ठकूआत्या कामाला लागली. अंथरुणावरून हात फिरवून तिनं सुरकुती न् सुरकुती काढली, टाचा उचलून मऊ घडीवर ठेवल्या, चेचलेला हात सावरीच्या उशीवर उंच ठेवला. फडकं बदलण्याआधी सांगायची, आता दुखेल, आणि सांगितल्यावर थांबायची. मग विचारायची, “आज केवढं? बोर, पेरू का भोपळा?” आधी भोपळा असायचा, मग पेरू झाला. न्हाव्याला बोलावून दाढी केली, आणि पडल्या पडल्या त्याच्या डोक्याला मुंडासं बांधलं. बायका हसल्या. “निजलेल्याला कशाला गं मुंडासं?”

“निजलेल्याला कोण बांधतंय? पाथरवटाला बांधतेय.”

येसाजीनं तोंड फिरवलं. पाथरवट हा शब्द त्याला अजून सोसत नव्हता.

झोप तेवढी येईना. पहाटे कुठं डोळा लागायचा, तोच गावभर जाती घरघरायला लागायची आणि तो दचकून उठायचा. ठकूआत्या म्हणाली, जाती थांबवा. बायकांनी विचारलं, मग खायचं काय? ते सांगायला दारोदार गेली सगुणाकाकी. “शिळं खा,” तिनं सांगितलं, “नाहीतर माझ्याकडे या, मी ताक देते.” तिच्यापुढे कोण बोलणार?

त्या पहाटे काळखडीत एकही जातं फिरलं नाही. कोंबड्यानं मान वर केली आणि पुन्हा पंखात घातली, ओढ्याचं पाणी दगडांना वळसा घालून दबक्या पायानं गेलं, आणि सूर्य खाणीच्या कड्यामागे रेंगाळला, असं म्हणतात. येसाजी झोपला तो पार ऊन पायाशी येईपर्यंत. जागा झाला आणि कान टवकारून म्हणाला, “जाती का गप्प? धार गेली का सगळ्यांची?”

ठकूआत्या म्हणाली, “गेली असेल. कुणाला सांगायचं?”

येसाजी डाव्या कोपरावर उठला आणि म्हणाला, “कुठल्याही जात्याची खालची तळी आणा इकडे. आणि छिन्नी.”

छिन्नी ठकूआत्यानं धरली, हातोडी त्यानं डाव्या हातानं मारली. पहिला घाव तिच्या अंगठ्यावर बसला. तिनं जी शिवी दिली ती गावात अजून पाठ आहे, इथं लिहीत नाही. पुढे त्यानं डाव्या हातानं घडवलेल्या जात्यांतून चांदण्यासारखं पीठ पडायचं, असं म्हणतात.

ठकूआत्या पिकून म्हातारी झाली तेव्हा एक दिवस स्वतःच म्हणाली, आता घ्या मला भुईवर. कुणी वाद घातला नाही.

आता गावात गिरणी आहे. आळीत कुणी आजारी असलं की उन्हं वर येईतो ती चालू होत नाही. तापलेल्या पोराला आई अजून विचारते, बोर का भोपळा? आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून चार शहाणे त्याचं काय करायचं ते आपसात ठरवायला लागले, की घरातलं कुणीतरी बाजेच्या कडेवर फतकल मारतं आणि ठकूआत्या त्या दिवशी जे बोलली होती तेच बोलतं:

“अगं, त्यालाच विचार की, तो इथंच आहे.”