मनातली खिचडी

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या हौसाबाईच्या चुलीवर छप्पर नव्हतं. पाऊस आला की चूल विझायची आणि पोरं उपाशी राहायची. पत्र्यांचं विचारलं की तपासणीचे साहेब दर वेळी म्हणायचे, "आय ॲम गोइंग टू डू इट." तिनं गुरुजींना अर्थ विचारला.

"करणार आहे, मनात आहे," गुरुजी म्हणाले.

पुढच्या तपासणीला साहेब नियमाप्रमाणे पोरांच्या आधी चव घ्यायला बसले. हौसाबाईनं रिकामं ताट ठेवलं आणि चवीची वही उघडून दिली.

"बाई, खिचडी कुठंय?"

"आय ॲम गोइंग टू डू इट, साहेब. मनात आहे माझ्या. चव उत्तम म्हणून करा सही."

साहेबांनी पेन खिशात घालून फोन काढला. तिनं झाकलेलं पातेलं उघडून पोरांना वाढलं. साहेबांना वाढलं ते पत्र्यांचा टेम्पो दारात आल्यावर.