बांधावर रोज जाणारा कुंभार

पूर्वी शालवती नगरात सोमदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कुंभाराच्या कुळात जन्मला. वयात आल्यावर त्याने वडिलांचे चाक सांभाळले. मडकी घडवावी, भाजावी, विकावी, एवढाच त्याचा संसार. त्याच्याविषयी बोलण्यासारखे काही नसल्यामुळे कुणी बोलत नसे.

नगराच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते, त्याला मातीचा बांध होता आणि बांधाखाली वस्ती होती. त्याच वस्तीत नगररक्षक उग्रक नुकताच राहायला आला होता. हा फार संशयी मनुष्य. एकदा भरवशाच्या द्वारपालाने चोर आत घेतले, तेव्हापासून तो ताकही फुंकून पिई. भाजी जरा चांगली झाली, तर बायकोला विचारी, "काय मागायचं आहे?" मुलगी बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा जावयाने तिला इतक्या लवकर का पाठवले, याचाही त्याने दोन दिवस विचार केला. पण त्या मुलीवर आणि तिच्या आठ दिवसांच्या लेकरावर त्याचा फार जीव होता.

एके सकाळी उग्रकाला बांधावर कुंभार दिसला. डोक्यावर ओल्या मातीची पाटी, हातात काठी. दोन पावले चाले, काठी मातीत दाबून पाही, पुढे जाई. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. उग्रक मनाशी म्हणाला, कुठेतरी पाणी मुरतंय. कुंभार तळ्यावरून माती नेतात. हा उलट तळ्यावर माती आणतो. शेजारचा राजा सीमेवर तळ ठोकून बसला आहे. बांध कुठे पोकळ आहे, हे याला कुणासाठी हवे आहे?

त्याने शेजाऱ्यांकडे चौकशी केली. ते म्हणाले, "सतरा वर्षं जातोय तो. ताप असला तरी जातो. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा गेला होता."

झाले, उग्रकाचा संशय पक्का झाला. वेतनाशिवाय माणूस सतरा दिवस काही करीत नाही, सतरा वर्षे कोण करील? त्याने कुंभाराला धरून आणले.

"काठी कशाला खुपसतोस?"

"खेकडे बिळं करतात, स्वामी. वरून दिसत नाहीत. काठी आत गेली की कळतं. मग माती ठोकून बुजवतो."

"हे काम तुला सांगितलं कुणी?"

"कुणी नाही. बांधाखाली माणसं राहतात."

हे उत्तर उग्रकाला फारच गुळगुळीत वाटले. त्याने काठी काढून घेतली आणि कुंभाराला कोठडीत घातले. बोधिसत्त्व रागावला नाही. तो म्हणाला, "मला खुशाल ठेवा. पण सकाळी कुणीतरी बांधावर जात जा. पायथ्याशी नितळ पाणी झिरपलं तर भिऊ नये. गढूळ आलं तर आतली माती वाहतेय समजावं."

म्हणजे साथीदार येणार, असे उग्रकाने ताडले. त्याला पकडायला तो स्वतः बांधावर गेला आणि सोंग पुरे व्हावे म्हणून कुंभारासारखीच काठी टोचत चालला. पहिल्या दिवशी कुणी आले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी घरी नातवाचे बारसे होते. आज राहू दे, असे त्याच्या मनात आले. पण साथीदार नेमका आजचाच दिवस साधेल, या संशयाने तो निघालाच.

बांधाच्या मध्यावर काठी मुठीपर्यंत आत गेली. त्याने वाकून पायथ्याशी पाहिले. पाणी येत होते, आणि ते नितळ नव्हे, चिखलासारखे गढूळ होते. खालून घरातल्या बायकांचे पाळणे ऐकू येत होते.

तो कोठडीकडे धावला. धावतानाही मन सांगत होते, भोक यानेच आधी पाडले असेल, सोडला तर पळेल. त्याने दार उघडले. "गढूळ आहे," तो म्हणाला.

कुंभार धावत सुटला. तलवार उपसून उग्रक मागे. पुढे एक वाट वेशीकडे जात होती, दुसरी बांधाकडे. कुंभाराने वेशीकडे पाहिलेही नाही. तो तळ्यात उतरला, पाण्याखाली हाताने भोकाचे तोंड शोधले आणि गवत व चिकणमाती त्यात दाबली. वस्तीतली माणसे पाट्या घेऊन आली. उग्रकानेही तलवार टाकून माती वाहिली. दुपारपर्यंत पाणी नितळ झाले.

चिखलाने माखलेला उग्रक बांधावर बसला. "सतरा वर्षांत असं भगदाड किती वेळा सापडलं?"

"बारीक बिळं पुष्कळ. असं एकदाही नाही."

"मग रोज कशाला येत होतास?"

"दिवस आधी कळला असता," बोधिसत्त्व म्हणाला, "तर त्याच दिवशी आलो असतो."

या उत्तरात खोट काढायची उग्रकाला फार इच्छा झाली. ती सापडली नाही, तेव्हा त्याला लाज वाटली आणि तो रडला. पुढे कुंभार थकला, तेव्हा उग्रक एकटाच रोज बांधावर जाऊ लागला. लोक आपसांत म्हणत, नगररक्षक तिथे रोज काय करतो, काहीतरी भानगड असणार.

ही कथा सांगून भगवान शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, विहाराचे अंगण रोज झाडणाऱ्या स्थविराचा यात हेतू काय, असे जो भिक्षू तुम्हांला सकाळपासून विचारतो आहे, तो तेव्हा उग्रक होता. ज्याचे बारसे होते, ते लेकरू म्हणजे हा झाडणारा स्थविर. कुंभार मी होतो. चांगले काम एकदा कुणीही करतो. कुणी पाहो वा संशय घेवो, ते रोज करणे, यालाच अप्रमाद म्हणतात."