पेशीवरची खूण

“धाकटीच्या पेशींवर ती खूण नाही, मग माझ्याच का, आक्का?”

भागीरथीआक्का मठाच्या ओसरीवर फुलवाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“कसली खूण?”

“आम्हा दोघी बहिणींना एकच आजार निघाला. रक्ताचा कॅन्सर, पण संथ चालणारा. पांढऱ्या पेशी दोघींच्या सारख्याच वाढलेल्या. मग डॉक्टरांनी पेशींवरच्या खुणा तपासायला लावल्या. त्यातल्या एकीला सीडी अडतीस म्हणतात. माझ्या पेशींवर ती भरपूर आहे. कुमुदच्या जवळजवळ नाहीच.”

“असली म्हणजे काय होतं?”

“आजार लवकर जोर धरण्याची भीती. नसली तर काहींची वर्षानुवर्षं औषधाशिवाय जातात म्हणे.”

“अगदी ठरलेलंच असतं?”

“तसं नाही. एका खुणेवर सगळं ठरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आत्ता औषध दोघींनाही नाही, नुसती तपासणी.” सरोजिनी थांबली. “पण लहानपणापासून हे असंच चाललंय, आक्का. गोरी ती. मागणीही आधी तिलाच आली. सासू मिळाली तीही गरीब. आता आजारसुद्धा चांगला तिचाच.”

आक्कांना हसू आलं.

“चांगला आजार,” त्या म्हणाल्या.

“हसा. परवा ती माझ्यासाठी डबा घेऊन आली. मी आत असून दार उघडलं नाही.”

“आज कुणाबरोबर आलीस?”

“तिच्याच. मला एकटीला सोडवेना तिला. बाहेर रिक्षात बसलीय.”

आक्कांनी हातातली वात खाली ठेवली.

“बरं. देवाजवळ काय मागू? तुझी खूण पुसली जावी, की तिच्याही पेशींवर उमटावी?”

सरोजिनीने खाली ठेवलेली वात उचलून बोटांत फिरवली.

“दोन्ही मनात आलं होतं?”

“हो.”

“आधी कुठलं?”

ओसरीवरून एक चिमणी उडून गेली...

“दुसरं,” सरोजिनी म्हणाली, आणि तिने पदर डोळ्यांना लावला.

त्या मठात अंगारा आक्का स्वतः कपाळी लावत. कुणाच्या हाती देत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी चिमूटभर अंगारा सरोजिनीच्या तळहातावर ठेवला.

“जा. कुमुदला लाव.”

“आणि मला?”

“तिला लावून बोटाला उरेल, तेवढा तुला पुरे.”