खैऱ्याचे ताट

वेळूगड नावाच्या लहानशा संस्थानात सुभानजी नावाचा एक पारखी राहत होता. तो हिऱ्यामाणकांचा पारखी नव्हता, कुत्र्यांचा होता. कुठल्याही कुत्र्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला की त्याची आई कुणाच्या वाड्यातली आणि बाप कुणाचा, हे तो सांगत असे. राजेसाहेबांचे शिकारी कुत्रे त्याच्याच हाताखाली वाढले होते. कुत्र्यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई, आणि त्यालाही आपल्या शब्दाचा अभिमान होता.

त्या संस्थानात माणसाची ओळख त्याच्या कुत्र्यावरून होत असे. उंच, सडपातळ कारवानी कुत्रा येताना दिसला की मागून कुणी सरदार येत आहेत हे लोकांना कळे, आणि ते पागोटे सावरून बाजूला होत. पांढरा, झुपकेदार विलायती कुत्रा दिसला की मागे एखादा शेठ असणार, म्हणून लोक हसून नमस्कार करत. आणि गावठी कुत्रा दिसला की मागे कोण आहे हे न बघताच लोक दगड शोधत.

एकदा सरदार फत्तेसिंगरावांच्या कारवानी कुत्रीला गावठी कुत्र्यापासून पिल्ले झाली. सरदारांना तो आपल्या घराण्याचाच अपमान वाटला. त्यांनी राजेसाहेबांकडून हुकूम काढवून घेतला. वेळूगडात जितके कुत्रे आहेत, तितके दसऱ्याआधी मैदानावर आणावेत. सुभानजीने ते पारखावेत. जो खानदानी ठरेल त्याच्या गळ्यात पितळी बिल्ला बांधावा. ज्याला बिल्ला मिळणार नाही, त्याला हद्दीबाहेर हाकलून द्यावे.

ही दवंडी माळावर ठकूबाईनेही ऐकली. ठकूबाई धनगरीण होती. तिचा नवरा मोठा कळप घेऊन पुढच्या मुलखात गेला होता. लहान कळप आणि खैऱ्या कुत्रा तिच्याजवळ होते. त्या माळावर लांडग्यांचा वावर होता. खैऱ्या गेला, तर पंधरा दिवसांत तिच्याजवळ काठीशिवाय काही उरले नसते.

पारखीच्या दिवशी मैदान माणसांनी भरून गेले. राजेसाहेब मांडवात येऊन बसले. सुभानजीच्या परीक्षा दोन होत्या. पहिली बांगडीची. कुत्र्याच्या तोंडावरून बाईच्या हाताची बांगडी घालायची. ती कपाळापर्यंत सरकली, तर मुस्कट निमुळते, म्हणजे जात चांगली. दुसरी परीक्षा ताटाची. सकाळपासून उपाशी ठेवलेल्या कुत्र्यापुढे भाकरी आणि मटणाचे ताट ठेवायचे. जो अधाशासारखा झडप घालील तो बाद. जो भूक असूनही स्वतःला आवरील तो खानदानी. सुभानजीला ही विद्या त्याच्या वडिलांनी दिली होती. ते म्हणत, बांगडी कधीकधी फसवेल, पण ताट फसवणार नाही. दोन्हींचे पटले नाही, तर ताटाचेच ऐकावे.

रिवाजाप्रमाणे सुभानजीने सुरुवात स्वतःच्या कुत्रीपासून केली. तिचे नाव रेशमी. बांगडी तिच्या कपाळापर्यंत लोण्यासारखी सरकली. मग ताट पुढे आले, आणि सुभानजीने तोंडातून शब्द काढण्याआधीच रेशमीने ताट पुसून टाकले.

सुभानजी क्षणभर गोंधळला. गर्दीमुळे बावरली बिचारी, असे म्हणत त्याने तिच्या गळ्यात बिल्ला बांधला.

एकदा असे झाले, आणि मग ते थांबेना. राजेसाहेबांचे कुत्रे ताटावर तुटून पडले. ते शिकारी आहेत, त्यांना चपळाई हवीच, असे सुभानजी म्हणाला. एका शेठजींचा विलायती कुत्रा ताटाला हात लावू गेलेल्या शेठजींच्याच बोटाला चावला. त्याला इकडचे अन्न नवीन आहे, असे सुभानजी म्हणाला. फत्तेसिंगरावांच्या कारवान्याने तर ताट उलथे केले. त्यालाही बिल्ला मिळाला. गावठी कुत्र्यांनी मात्र झडप घातली की सुभानजी मान हलवी आणि शिपाई त्यांना बाजूच्या गाड्यांना नेऊन बांधत. दुपारपर्यंत गाड्यांभोवती चाळीसएक कुत्रे भुंकत होते. सुभानजी तिकडे बघायचे टाळत होता.

दुपार कलली तेव्हा ठकूबाई आली. मेंढरे कुणाच्या भरवशावर ठेवणार, म्हणून तिने कळपही सोबत आणला होता आणि मैदानाच्या कडेला बाभळीखाली बसवला होता. खैऱ्याचा एक कान फाटलेला होता. अंगावर जुन्या जखमांचे वण होते. बांगडी त्याच्या नाकाच्या जरा वरच अडकून बसली. लोक हसले.

मग ताट आले. खैऱ्याने ते हुंगले आणि तोंड फिरवले.

सुभानजीने ताट आणखी जवळ सरकवले. खैऱ्याच्या तोंडातून लाळ गळत होती, पण तो माळाकडे बघत उभा राहिला. कल्हईचे ताट कधी पाहिले नसेल, खापरात खायची सवय, असे फत्तेसिंगराव म्हणाले आणि मांडवात पुन्हा हशा पिकला.

सुभानजी हसला नाही. त्याने खाली बसून खैऱ्याचे नाक पाहिले, डोळे पाहिले, पोट चाचपले. कुत्रा आजारी नव्हता. भुकेने त्याचे पोट पाठीला लागले होते.

"बाई, हा खात का नाही?" त्याने विचारले.

ठकूबाईने पदर सावरला. "दादा, सगळी मेंढरं बसल्याबिगर त्यो खात न्हाई. आमच्यात कुत्र्याला भाकर शेवटी असती."

"सगळी तर बसलीत."

ठकूबाईने बाभळीकडे नीट पाहिले, आणि तिचा चेहरा उतरला. "गाभणी कानडी मेंढी दिसंना," ती हळूच म्हणाली. "मी माणसांच्या घाईत बगितलंच न्हाई. ह्यानं बगितलं."

ती दोरी सोडू लागली तसे शिपाई आडवे आले. पारख पुरी झाल्याशिवाय कुत्रा सोडायचा नाही, असा हुकूम होता. सुभानजीने शिपायांना बाजूला केले आणि खैऱ्याची दोरी स्वतःच्या हाताने सोडली.

कुत्रा सुटला तो ओढ्याच्या दिशेने. मागून ठकूबाई धावली आणि तिच्या मागून सुभानजी. साठीतला तो माणूस, जरीचा फेटा, पायात नवे जोडे, ढेकळांतून अडखळत निघाला. ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत त्यांना मेंढी सापडली. ती नुकतीच व्यायली होती. ओले कोकरू उठायला बघत होते आणि पडत होते. खैऱ्या त्यांच्या अंगाशी गेला नाही. तो पाच पावलांवर बसला होता, मेंढीकडे पाठ आणि जाळीबाहेर तोंड करून. समोरच्या वाळूत लांडग्याच्या पावलांचे ताजे ठसे होते.

सुभानजी ते ठसे बघत राहिला. मग त्याने डोक्याचा फेटा सोडला, कोकरू त्यात गुंडाळले आणि छातीशी धरले.

कोकरू कळपात ठेवले, मेंढी त्याच्याजवळ बसली. तेव्हा खैऱ्या चालत ताटापाशी आला. ठकूबाईने होकारार्थी मान डोलावल्यावर त्याने खायला सुरुवात केली. कुणी हसले नाही.

पण फत्तेसिंगराव म्हणाले की बांगडी अडकलेली सर्वांनी पाहिली आहे, कुत्रा गावठी आहे, त्याला गाडीला बांधा. राजेसाहेबांनी सुभानजीकडे पाहिले.

सुभानजी उघड्या डोक्याने मांडवासमोर उभा होता. त्याला ठाऊक होते की पुढचे चार शब्द बोलले, तर चाळीस वर्षांचे नाव जाईल. तो रेशमीजवळ गेला, तिच्या गळ्यातला बिल्ला सोडला आणि राजेसाहेबांच्या पायांशी ठेवला.

"सरकार, आज मी खोटं बोललो," तो म्हणाला. "पहिलं खोटं माझ्या कुत्रीसाठी. मग ज्याचा धनी मोठा, त्याच्यासाठी. ताटाच्या परीक्षेला सकाळपासून एकही कुत्रा उतरला नाही. हा एकटा उतरला."

राजेसाहेबांनी तो बिल्ला उचलून हातात घेतला. मग त्यांच्या मिशीत हसू आले.

"म्हणजे हुकमाप्रमाणे वेळूगडात आजपासून एकच कुत्रा राहणार," ते म्हणाले. "फत्तेसिंगराव, आधी तुमचा कारवानी हाकलू, की माझे शिकारी?"

फत्तेसिंगरावांनी आपल्या कुत्र्याकडे पाहिले. तो अजून उलथे ताट चाटत होता. सरदार रागीट होते, पण आडमुठे नव्हते. ते उठले आणि मुजरा करून म्हणाले, "हुकूम माझ्या शब्दाखातर निघाला होता, सरकार. माझ्या शब्दाखातर परत घ्यावा."

गाड्यांना बांधलेले कुत्रे सुटले आणि आपापल्या माणसांकडे धावले. पद सोडावे म्हणून पारखीपदाची वस्त्रे परत करायला सुभानजी पुढे झाला, तेव्हा राजेसाहेबांनी त्याचा हात धरला. आजवर वेळूगडाला कुत्र्यांचा पारखी होता, स्वतःला पारखणारा आजच मिळाला, असे सांगून त्यांनी त्याला जागेवरच ठेवले.

सुभानजीने एक नवा बिल्ला घेतला आणि तो स्वतः ठकूबाईकडे गेला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"खैऱ्याला कशाला वझं? त्याला ह्याबिगर समदं कळतं," ती म्हणाली, आणि बिल्ला तिने कानडी मेंढीच्या गळ्यातल्या घंटेशेजारी बांधला. "हिलाच असूद्या. हीच मागं ऱ्हाती. वाजला, म्हंजी घावंल तरी."

त्यानंतर वेळूगडात गावठी कुत्रा दिसला की लोक दगड शोधण्याआधी मागे कोण आहे ते बघू लागले. आणि सुभानजीने बांगडी आपल्या नातीला देऊन टाकली.

तात्पर्य: कोण कुठल्या घरात जन्मला यावरून त्याची थोरवी मोजू नये, अंगावरच्या जबाबदारीला तो किती जागतो यावरून मोजावी, आणि आपलेच माप खोटे निघाले, तर ते चारचौघांत खाली ठेवायला लाजू नये.