सुळा आणि तार

तशी ही फार जुनी गोष्ट नाही, पण दातांना एकेक महिना युगासारखा वाटतो, म्हणून त्यांच्या लेखी ती पुराणकाळातलीच.

शर्वाणीचा वरचा सुळा रांग सोडून पुढे उभा होता. डॉक्टरबाईंनी सगळ्या दातांवर ब्रॅकेट चिकटवून त्यांतून तार ओवली. दर महिन्याला त्या तार बदलून आधीपेक्षा जाड तार घालत आणि बजावत, "दोन-तीन दिवस ठणकेल. मऊ भात खा. चिक्की बंद!" ठणका ओसरून सुळा जरा विसावतो तोच पुढची खेप यायची.

"किती ओढशील बाई?" तो तारेला म्हणाला. "दमलो मी."

"मी मुळात सरळ," तार म्हणाली. "तुझ्यापाशी मला वाकवून अडकवलंय. मी फक्त पुन्हा सरळ व्हायला बघते. दमले मीही."

सुळ्याला ते पटलं नाही. एकदा शर्वाणीने चोरून चिक्की खाल्ली, तेव्हा त्याने तो कडक तुकडा मुद्दाम स्वतःवर घेतला. त्याच्यावरचा ब्रॅकेट निघाला आणि तारेची ओढ सुटली. सुळा सुखाने झोपला आणि झोपेतच जुन्या जागी सरकला.

"हा मागे गेला," पुढच्या खेपेला डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता पुन्हा पातळ तारेपासून सुरुवात." बाकीच्या दातांनी सुस्कारा टाकला. त्यांचंही काम लांबलं होतं.

नवी तार आली आणि सुळ्यापाशी येऊन वाकली. संध्याकाळी ठणका सुरू झाला.

"दुखतंय का रे?" शेजारच्या दाढेने विचारलं.

"दुखतंय," सुळा म्हणाला. मग त्याने तारेला हळूच विचारलं, "तुला फार वाकावं लागतंय का गं?"